बेडकांची टेप

शरदचंद्र आगाशे टेपची चकती यंत्रावर बसवत होता आणि भीमसेनराव दुसऱ्या रांगेच्या टोकाच्या खुर्चीवरून त्याच्या हातांवर नजर ठेवून होते. ही खुर्ची त्यांनी मुद्दाम लवकर येऊन धरली होती. व्याख्यान कानांनी ऐकायचं असतं, पण माणूस ओळखायचा तर त्याचे हात दिसले पाहिजेत, असं त्यांचं ठाम मत होतं. रेल्वेच्या क्लेम्स ऑफिसात त्यांची सारी नोकरी गेली होती. फुटलेल्या बरण्या, हरवलेली गाठोडी, भिजलेला कापूस. भरपाईच्या प्रत्येक दाव्यात कुठेतरी खोट असणारच, असं धरून चालायचं ही तिथली रीत. पेन्शन सुरू झाली तरी ती सुटली नव्हती.

आज तर दावा घरातलाच होता. या रेडिओवाल्याने त्यांच्या मुलीला, चंद्रिकेला मागणी घातली होती. मध्यस्थ राममूर्ती शेजारच्याच खुर्चीत पान चघळत बसले होते आणि व्याख्यान संपलं की भीमसेनरावांनी त्यांना हो की नाही ते सांगायचं होतं.

“पोरगा बरा अहे की नाहीं?” राममूर्तींनी कुजबुजत विचारलं.

“बघतों,” भीमसेनराव म्हणाले.

बघून झालंच होतं म्हणा. टी. नगरात पोरगा राहायचा त्या खोलीच्या मालकाकडे ते स्वतः चौकशी करून आले होते. कामाने बातमीदार, पण उजाडायच्या आत पेटी घेऊन बाहेर पडतो आणि गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन परततो, असं मालक म्हणाला. चीनची लढाई नुकतीच थांबलेली. मालकाला तो हेर वाटत होता. भीमसेनरावांची शंका त्याहून वाईट होती. शाळेत शिकवणारी चंद्रिका कार्तिकापासून दर गुरुवारी अंधारातच घराबाहेर पडायची. “स्पेशल क्लास, अप्पा,” एवढंच सांगायची. देवळाच्या घंटेआधी भरणारा हा कसला क्लास? आणि परत येताना साडीचे काठ ओले का? आज व्याख्यानाला चल म्हटलं तर डोकं दुखतंय म्हणाली, आणि दुखणाऱ्या डोक्यात मोगरा माळत बसली. कुठेतरी पाणी मुरत होतं, यात त्यांना तिळमात्र शंका नव्हती.

मराठी मंडळाचा हॉल भरला. शरदचंद्र बोलू लागला. रानातले, पाण्यावरचे आवाज कसे धरतो, वारा घुसू नये म्हणून मायक्रोफोनला पायमोजा कसा घालतो, ते सांगू लागला. मग त्याने एण्णूरच्या खाडीवरचे पक्षी ऐकवले, अड्यारचा समुद्र ऐकवला. लोक माना डोलावत होते. भीमसेनरावांना लोकांचाच राग आला. पायमोजा घालतो म्हणे!

“हें सगळें स्टुडिओंत बसून तोंडानें काढतां येत नाहीं कां?” त्यांनी बसल्या जागेवरून विचारलं.

“येतं की,” शरदचंद्र हसून म्हणाला. “आमच्याकडे एक जण फार छान काढतो. पण त्याच्या कावळ्याला कुणी हाकलत नाही.”

त्याने कावळा लावला. काव काव चालू असतानाच मागून एक म्हातारी तमिळमध्ये त्याच्यावर खेकसली. हॉल खो खो हसला. राममूर्तीही हसले, म्हणून भीमसेनरावांनी त्यांच्याकडे डोळे वटारून पाहिलं.

“आता बेडूक,” शरदचंद्र म्हणाला. “मैलापूरचं तळं. कार्तिकातला पाऊस पडून गेल्यावरची पहाट.”

कार्तिक. पहाट. तळं तर त्यांच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. भीमसेनराव खुर्चीत पुढे सरकले.

बेडूक डरांव डरांव करू लागले. थोडा वेळ नुसते तेच. मग त्यांच्या आडून एका बाईचं गुणगुणणं आलं, आणि शरदचंद्राने झेप घेतल्यासारखं यंत्र बंद केलं. त्याचे कान लाल झाले होते.

“माफ करा. एवढंच ऐकवायचं होतं.”

भीमसेनराव उठून उभे राहिले. पेटी उघडल्यावर घाईने झाकण लावणारे त्यांनी जन्मभर पाहिले होते.

“बंद कां केलें?”

“पुढे माणसाचा आवाज आहे. तो ऐकवायची परवानगी मी घेतलेली नाही.”

“कावळ्याला हांकलणाऱ्या म्हातारीची घेतलीत कां?”

पुन्हा हशा पिकला. शरदचंद्राने एकदा राममूर्तींकडे पाहिलं, एकदा भीमसेनरावांकडे, आणि बटण फिरवलं.

आवाज चंद्रिकेचा होता. पहिल्याच ओळीला त्यांनी ओळखला. पण चोर सापडल्याचा आनंद व्हायच्या आत गाणंही ओळखू आलं. तो त्यांच्या बायकोचा, राजसबाईंचा पाळणा होता. पायाने पाळणा हलवत, हाताने तांदूळ निवडत ती हे गाणं म्हणायची आणि ओळीतल्या शेवटच्या शब्दाआधी श्वास घ्यायला थांबायची. पोर तिथेच थांबत होती. राजसबाई गेल्यावर चंद्रिकेने एकदाच स्वयंपाकघरात तो गुणगुणला होता, आणि भीमसेनराव भरल्या पानावरून उठले होते. गाऊ नकोस असं ते कधी म्हणाले नव्हते. त्यानंतर त्या घरात कुणी गायलं नाही, इतकंच.

तरीही सवयीने त्यांचे कान दुसरा माणूस शोधत राहिले. पुरुषाची खाकर, हसणं, एखादा शब्द. काहीच नव्हतं. पाळणा संपला, बेडूक राहिले, आणि मग तीच जवळून बोलली.

“पुरे रे आतां. अप्पा उठतील.”

पायऱ्यांवर ओली पावलं वाजत दूर गेली. बेडकांना दटावणारी ही कोण, म्हणून हॉल पुन्हा हसला. राममूर्तींनी कोटाची बाही ओढून भीमसेनरावांना खाली बसवलं.

हॉल रिकामा झाल्यावर शरदचंद्र स्वतःच जवळ आला.

“मी खांबाआड होतो. त्यांना माहीतही नव्हतं,” तो म्हणाला. “कोण म्हणून नंतर चौकशी केली. तुमच्यासमोर यायचं धाडस झालं नाही, म्हणून राममूर्तींना पुढे केलं. तेवढा भाग पुसून टाकू का?”

“पुसूं नका!” भीमसेनराव इतक्या जोरात म्हणाले की सतरंजी गुंडाळणारा शिपाई थांबला. मग त्यांनी घसा साफ केला. “उद्यां कापी प्यायला घरीं या.”

राममूर्ती काही विचारणार होते, पण भीमसेनरावांनी तोवर छत्री उचलली होती.

दार चंद्रिकेने उघडलं. मोगरा अजून वेणीत होता. तिने वडिलांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पान मांडलं. भीमसेनराव पाय धुऊन पाटावर बसले.

“काय झालें, अप्पा?” भात वाढताना तिने अखेर विचारलंच.

“तळ्यावरचे बेडूक ऐकवले.”

तिचा हात भातावरच थांबला. भीमसेनरावांनी भातावर सांबार ओतून घेतलं आणि मान खाली घालून ते कालवत राहिले.

“तो गुरुवारचा स्पेशल क्लास,” ते म्हणाले, “घरींच घे. मीं जागाच असतों.”