एक जूनची मुलं

मी नागपूरजवळच्या वाडी गावातल्या एका शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर बोलतोय. पण आधी तुम्ही सांगा, तुम्हाला काय बदलून हवंय? कारण मला उघडणारा माणूस काहीतरी बदलायलाच आलेला असतो. कुणाला नाव, कुणाला आडनाव, बहुतेकांना जन्मतारीख. एका पानावर तर कुणीतरी ब्लेड चालवलंय. तिथे कागद इतका पातळ झालाय की मागच्या मुलाचं नाव पुढे दिसतं. तेव्हापासून कपाटाची किल्ली वाजली की मी सावध होतो.

नागपूरच्या महाल भागातल्या एका बाईंडिंगच्या दुकानात मला लाल कापडी पुठ्ठा चढला आणि मी शाळेचे कारकून विश्वनाथबाबूंच्या टेबलावर आलो. मुलाचं नाव, जन्मतारीख, पालकाची सही. शाळेत आलेलं मूल आधी माझ्यात यायचं, मग वर्गात जायचं. बाबूंचं अक्षर सुबक होतं. खोटंसुद्धा ते सुबकच लिहायचे.

चौदा वर्षांपूर्वी जून महिन्यात धम्मानंद आपल्या मुलीला घेऊन आला. ट्रान्सपोर्टच्या गोदामात तो हमाल होता. बायको शामला तिथेच माल निवडायची. मुलगी मेघा दिवसभर ट्रकांच्या मधे खेळायची.

"कधीची आहे पोरगी?" बाबूंनी विचारलं.

"दोन नोव्हेंबरची."

"मंग सहा कुठं झाले? पहिलीले सहा पूर्ण पायजे. पुढल्या वर्षी आण गा."

"वर्षभर कुठं ठेवू बाबू? परवा ट्रक मागं येत होता, अन् ही चाकाजवळ बसून चिंचोके खेळून राहिली होती."

बाबूंनी मेघाकडे पाहिलं. मग टोपण काढलं. "एक जून लिहितो. कर सही."

अशी एक जूनची मुलं माझ्यात पुष्कळ आहेत. ज्याचं वय कमी पडायचं, त्याला बाबू एक जून द्यायचे. कुणी तक्रार केली नाही. धम्मानंदने सही केली. जोर देऊन, एकेक अक्षर सुटं. मेघा कागदावर पाच महिन्यांनी मोठी झाली.

त्यानंतर मी कपाटात पडलो. बाबू निवृत्त झाले. दोन वर्षांपूर्वी धम्मानंद गेला, हे मला मागाहून कळलं.

या वर्षी मे महिन्यात मेघा आली. उंच झालेली, गुडघ्याला पट्टी. सोबत आई आणि लतिका नावाच्या वकीलबाई. मला वाटलं, आली आणखी एक, वय कमी करायला. खेळाडू तर यासाठी प्रसिद्धच.

गोष्ट अशी होती. मेघा कबड्डीत चढाई करते. महिलांची एक व्यावसायिक लीग नवीन मुली निवडणार होती. नियम होता की एक ऑगस्टला वीस वर्षं पूर्ण झालेली नसावीत, आणि वय फक्त शाळेच्या नोंदीवरून धरलं जाईल. वीसच्या पुढच्या मुलींना राज्याकडून खेळलेलं असणं सक्तीचं. मेघा तशी खेळली नव्हती. तिच्यासाठी दार हे एकच. त्या दिवशी खऱ्या तारखेने ती एकोणीसची असणार होती, माझ्या तारखेने वीसची.

शामलाकडे कामठीच्या दवाखान्यातलं लसीचं कार्ड होतं. त्यावर दोन नोव्हेंबर होती. लीगवाल्यांनी ते पाहिलंसुद्धा नाही. म्हणून नियमाविरुद्ध हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात जायचं ठरलं होतं.

लतिकाताईंनी अर्ज वाचून दाखवला. मेघाने मधेच थांबवलं.

"'वडिलांनी खोट्या तारखेवर सही केली', हे काढा मॅडम. नाही खेळले तर नाही खेळले. बाबा खोटे होते असं मी सही करून देणार नाही."

"अगं, तोच तर मुद्दा आहे."

शामला पुढे झाली. "काहून काढते वं? केलीच त्यानं खोट्यावर सही. तुले चाकाखालून काढाले केली. मॅडम, हेही लिवा. अर्धंच नका लिवू."

लतिकाताईंनी तेही लिहिलं. मग मेघाने सही केली.

कोर्टाने मला हजर करायला सांगितलं, आणि नोंद लिहिणाऱ्या बाबूंनाही साक्षीला बोलावलं. सुनावणीच्या आदल्या दुपारी किल्ली वाजली. पाहतो तर विश्वनाथबाबू. केस पिकलेले, हातात पेन्सिल. मी ओळखून होतो. खोट्या नोंदी उघड झाल्या तर पेन्शनला धोका. माणूस पान फाडणार. त्यांनी तेच पान उघडलं, बराच वेळ पाहिलं आणि ओळींवरून पेन्सिलचं टोक फिरवत काहीतरी मोजलं. मग मला जागेवर ठेवलं. मला ते जास्तच संशयास्पद वाटलं.

कोर्टात लीगचे वकील म्हणाले, "खेळाडू वय चोरतात, हे काय नवीन आहे? आता वडील हयात नाहीत, म्हणून सगळं त्यांच्या नावावर घालतात." शामलाने पदर घट्ट धरला.

लतिकाताईंनी विनंती केली, "एवढं एक पान पूर्ण पाहावं."

न्यायमूर्तींनी पाहिलं. मग विश्वनाथबाबूंना उभं केलं. "या पानावरची किती मुलं एक जूनला जन्मलीत?"

"चाळिसातली तेवीस, साहेब." बाबूंना बघावंही लागलं नाही.

"वाडीत त्या दिवशी असं काय होतं?"

"काही नव्हतं साहेब. शाळेत घ्यायचं होतं."

"तुमची स्वतःची जन्मतारीख?"

"सर्व्हिस बुकात? एक जून."

लोक हसले. लीगचे वकीलही हसले.

"आणि खरी?"

"आईले मालूम होती," बाबू म्हणाले. "ती गेली."

मग कुणी हसलं नाही.

कोर्टाने सांगितलं, फक्त शाळेचीच नोंद मानण्याचा हट्ट अन्यायाचा आहे. कार्ड तपासा, दवाखान्याची वही तपासा, मुलीला निवडीला बसू द्या. दवाखान्याच्या वहीतही दोन नोव्हेंबरच निघाली. मेघाला एका संघाने घेतलं, राखीव खेळाडू म्हणून. माझ्यातली एक जून लाल शाईने खोडली गेली. बाबूंचं पुढे काय होणार, कुणी बोलत नाही. चौकशी सुरू आहे म्हणतात.

मी परत कपाटात आहे. मागच्या आठवड्यात किल्ली वाजली. शामला एकटीच होती. तिने नव्या बाबूला तेच पान मागितलं. सगळं तर मिळालं, आता काय हवंय?

तिने मोबाइल काढला.

"काकू, दुरुस्तीची तारीख नीट येऊ द्या फोटोत," बाबू म्हणाला.

"तारीख राहू द्या जी. मले सही पायजे. घरी त्याच्या हातचं लिवलेलं काहीच नाही."

फोटो काढून तिने माझं पान हळूच उलटलं आणि मला मिटलं. काहीही न बदलता.

म्हणून सांगतो. तुम्ही कशाला आलात ते मला ठाऊक नाही, आणि भरवसा तर अजूनही कुणाचाच नाही. पण ते पान उघडलंत तर हात कोरडे असू द्या. तारीख पुसली तर दवाखान्यात दुसरी आहे. शेजारची सही मात्र शाईची आहे, आणि ती एकच.