न उमलता गळालेल्या कळ्या

माझ्या दुकानात लोक पानं घेऊन येतात. कुणी खिशातून, कुणी डब्यातून, एक बाई तर चष्म्याच्या घरातून. दुकान टाकलं रोपं विकायला, पण निम्मा दिवस पानं तपासण्यातच जातो. पान हातात पडलं की माझं निदान तयार. पिवळं पडलंय? पाणी कमी करा. आकसलंय? उलटून बघा, मावा असेल. समोरच्याचं बोलणं संपायच्या आत मी उपाय सांगून मोकळी होते, आणि त्याचा मला तोरा आहे. नाही कशाला म्हणू?

या तोऱ्याला खतपाणी घालण्यात माझी धाकटी बहीण पहिली. लहानपणापासून ताई म्हणेल ती पूर्व दिशा. थंडी सुरू झाली तेव्हा तिची जास्वंद गॅलरीत काकडत होती. "आत घे," मी सांगितलं. "बाथरूममध्ये ठेव. ऊबही मिळेल, दमटपणाही. आणि खिडकी घट्ट लाव, गार वारा लागता कामा नये." तिनं त्याच दिवशी कुंडी हलवली.

मग एका सकाळी ती जास्वंदीची फांदी पिशवीत घालून आली. तिला पाचवा महिना लागला होता, तोंड ओढलेलं होतं.

"घे तुझा पेशंट," ती म्हणाली. "सगळ्या कळ्या गळाल्या. एकही उमलली नाही."

"पाणी बदाबदा ओतत असशील."

"नाही गं. मातीत बोट खुपसून बघते, तू शिकवलंस तसं."

"मग लाल कोळी लागलाय. पानांच्या मागून फवारा मार."

"मारला की! तूच तर सांगितलास." ती स्टुलावर टेकली आणि कपाळ चोळायला लागली. "त्याचं राहू दे, माझंच डोकं ठणकतंय. मळमळतं. इथं तुझ्याकडे आलं की जरा बरं वाटतं, घरी गेलं की पुन्हा तेच."

"कामं टाळायची लक्षणं आहेत ही," मी म्हणाले. ती हसली. "अगं, पहिलटकरीण आहेस तू. होतंच असं. घरी जा, गरम पाण्यानं निवांत अंघोळ कर. अंग मोकळं होईल."

ती मान डोलवून गेली. मी गिऱ्हाइकांच्या मागे लागले. एकाला कुंड्या दाखवल्या, एकाशी खतावरून हुज्जत घातली. मग दुकान जरा रिकामं झालं, तेव्हा भिंग घेऊन फांदीकडे वळले.

कोळ्याचं जाळं नव्हतं. मावा नव्हता, पिठ्या किडीचा पांढरा कापूसही नव्हता. पान उलटं केलं, सुलटं केलं, एक ठिपका नाही. पाणी कमी पडलं असतं तर पान लुळं झालं असतं. हे चांगलं ताठ होतं, पण देठच खाली वाकला होता. पिशवीच्या तळाशी कळ्या होत्या. हिरव्या, टपोऱ्या, कुठेही न किडलेल्या. झाडानं त्या धडधाकट असताना टाकून दिल्या होत्या.

असं मी एकदाच पाहिलं होतं. माझा जास्वंदीचा माल एका बंद गाडीतून आला होता, पिकलेल्या केळ्यांच्या शेजारी बसून. दार उघडलं तर खाली कळ्यांचा सडा. मी गाडीवाल्याशी कडाकडा भांडले, तेव्हा ठोक माल देणाऱ्या म्हाताऱ्यानं समजावलं होतं. पिकणाऱ्या फळांतून एक वायू सुटतो, तो कळ्या गाळतो. नीट न जळणाऱ्या गॅसमधूनही तोच सुटतो, म्हणून काचघरातली शेगडी जपायची, तो म्हणाला होता.

धाकटीच्या बाथरूममध्ये केळी नव्हती. गॅसचा गीझर होता.

कळ्या गाळणारा वायू माणसाला मारत नाही, पण ज्योत नीट जळत नसेल तर त्याच्याबरोबर दुसरा विषारी वायूही सुटतो. त्याला वास नाही. डोकं ठणकतं, मळमळतं, बाहेर मोकळ्या हवेत गेलं की बरं वाटतं. हे सगळं तिनं माझ्यासमोर बसून सांगितलं होतं. आणि मी तिला अंघोळीला पाठवलं होतं.

फोन लावला. नुसता वाजत राहिला. पुन्हा लावला. तिच्या घराची किल्ली माझ्या गल्ल्यात असते, ती उचलली आणि दुकान उघडं टाकून धावत सुटले. रस्त्यात कुणीतरी "ताई, काय झालं?" म्हणालं. मी थांबले नाही. उचलेल, आत्ता उचलेल, म्हणत फोन कानाला धरून पळत होते.

जिना चढताना समोरच्या घरातले शिंपीकाका दिसले. "चला!" एवढंच मी ओरडले. ते गळ्यातल्या मापपट्टीसकट मागे आले.

घरात शिरलो तर फोन टेबलावर थरथरत होता. बाथरूमला आतून कडी होती आणि आत पाणी पडत होतं. मी दार बडवलं. नावानं हाका मारल्या, लाडानं मारल्या, शिव्याही दिल्या. काकांनी मला बाजूला ढकललं आणि खांदा मारला. तिसऱ्या धक्क्याला कडी उचकटली.

ती कुंडीला लागून पडली होती. गीझरमध्ये पिवळी, धुरकट ज्योत हलत होती. मी गॅस बंद केला आणि खिडकीकडे झेपावले. खिडकी उघडेना. फटीफटीवर तिनं चिकटपट्टी लावली होती, चारी बाजूंनी, नीट, एक सुरकुती न पडू देता. काकांनी टॉवेल टाकून तिला बाहेर ओढलं. गॅलरीत नेलं तेव्हा तिचा श्वास चालू होता. त्या श्वासावर कान ठेवून मी रुग्णवाहिका येईपर्यंत बसले.

दवाखान्यात तिच्या तोंडावर मास्क लावला. बऱ्याच वेळानं तिनं डोळे उघडले. डॉक्टरीणबाई तिच्या पोटावर यंत्र फिरवत होत्या. खरखर ऐकू आली, मग काहीच नाही, मग पुन्हा खरखर. मी पलंगाची दांडी धरून उभी होते. मग घाईघाईचे बारीक ठोके आले.

"ठोके आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण आईच्या रक्तातून हे विष लवकर जातं, बाळाच्या रक्तातून सावकाश. काही इजा झालीय का, ते आत्ता सांगता येणार नाही. खिडकी का बंद होती?"

धाकटीनं मास्क जरा बाजूला केला. "झाडाला वारा लागू नये म्हणून. ताईनं सांगितलं होतं. तिला झाडांतलं सगळं कळतं."

तिच्या आवाजात ठपका नव्हता. कौतुक होतं. ठपका ठेवला असता तर मी सोसला असता.

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि दुसऱ्या पेशंटकडे गेल्या. धाकटीनं माझा हात ओढून पोटावर ठेवला.

"त्यांचं जाऊ दे," ती म्हणाली. "तू सांग, ताई. बाळ ठीक असेल ना?"

मी तिचा मास्क पुन्हा नीट बसवला. ती माझ्याकडे बघत राहिली, मी म्हणेन ते खरं धरायला तयार.