काळ्या काठाची पिवळी

मित्रांनो, विळा हातात घेतलेल्या माणसानं निदान समोर काय आहे ते पाहावं की नाही? वेलिका आजींचा जावई सोरिन तेवढंही पाहत नाही. मी एक म्हातारी, पंखांच्या कडा झिजलेली पिवळी फुलपाखरीण आहे. माझ्या काळ्या काठावर पिवळे ठिपके आहेत. ते फक्त आम्हा बायकांनाच असतात. त्या सोरिनमुळे हे ठिपके जन्मायच्या आधीच मातीत जाणार होते.

डॅन्यूब नदीच्या बल्गेरियाकडच्या काठावर, आजींच्या लसूणघासात माझा जन्म झाला. आईनं पानावर एकच अंडं ठेवलं आणि ती पुढच्या पानाकडे गेली. अंड्यातून मी निघाले ती हिरवी अळी. खायचं, कात टाकायची, पुन्हा खायचं. कौतुक कुणाचं नाही. आजींची मुलगी दोन्का तर मला पाहून "शी!" म्हणाली.

अंग भरलं तसा मी एक उभा देठ धरला. शेपटी रेशमानं चिकटवली, कमरेभोवती एक धागा घेतला आणि शेवटची कात टाकली. झाले मी कोष! बाहेरून गप्प हिरवं पान. आत मात्र अळीचं घर पाडून नवं बांधणं चाललेलं. अशा वेळी पळायला पाय नसतात आणि ओरडायला तोंड नसतं.

नेमका तेव्हाच सोरिन गवत कापायला आला. माझा कोपरा आजींनी बियाण्यासाठी राखला होता.

"आई, हा कोपराही कापू?" त्यानं विचारलं.

आजींनी लांबूनच मान वरखाली हलवली. आमच्या गावात याचा अर्थ 'नाही'. सोरिन नदीपलीकडचा, रुमानियाचा. तिकडे याचाच अर्थ 'हो'!

लांब दांड्याचा विळा सपकन फिरला. शेजारचे देठ आडवे झाले.

"अहो जावईबापू! थांबा! थांब मेल्या!"

पातं माझ्या देठाला टेकून थांबलं. देठ थरथरला, पण कमरेचा धागा तुटला नाही. हुश्श!

"नाही म्हटलं ना मी?" आजी धापा टाकत आल्या.

"तुम्ही मान हलवलीत की!"

"मग? मान हलवूनच तर नाही म्हटलं! सासरवाडीत आलास तर सासरवाडीची मान शीक!"

सोरिननं खाली वाकून मला पाहिलं. मग कोपऱ्याभोवती काठ्या रोवल्या.

पुढे एका सकाळी कोषातून माझे पंख पिवळे दिसू लागले. पाठ उकलली. चुरगळलेले, ओले पंख घेऊन मी बाहेर आले आणि उन्हात लटकले. पंख ताठ होईपर्यंत सोरिन तिथंच उकिडवा बसला होता. माश्यासुद्धा हाकलल्या त्यानं!

मित्रांनो, गवत कापा, जनावरांना घालायलाच हवं. पण एक कोपरा राखा, आणि कापण्याआधी देठाकडे एकदा पाहा. तिथं कुणीतरी गुपचूप नवे पंख बांधत असेल.

मी उडाले तेव्हा आजी कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"नदीपलीकडचा जावई नको म्हणून मी दोन्काला बजावलं होतं," त्या सोरिनला म्हणाल्या, "आणि तू वेंधळा आहेस, हे मी अजूनही म्हणेन. पण हाक ऐकताच चालता विळा जागच्या जागी थांबवणारा माणूस आमच्या घराण्यात आजवर नव्हता. ऊठ सोरिन, घेवड्याचं कालवण गार होतंय."