दोन रकाने

"दहापैकी पाच? जिचा स्वतःवरच भरवसा नाही, ती कंपनीत जाऊन काय दिवे लावणार?" विभागप्रमुखांनी अर्ज बाजूला सरकवला. "बाई, वरपासून दहा जण घ्या. नऊवाले, आठवाले. दुपारी यादी लावून टाका."

वाणिज्य विभागाच्या लिपिक बाई टेबलासमोर उभ्या होत्या. एका मोठ्या कंपनीने प्रशिक्षणासाठी दहा विद्यार्थी मागितले होते. त्यासाठी वर्गाकडून अर्ज भरून घेतला होता: 'तुमच्या विचारशक्तीला तुम्ही स्वतः किती गुण द्याल?' पाठोपाठ चाळीस गुणांची लेखी परीक्षाही झाली होती.

"सर, पेपरचे गुणपण आलेत. ते नाही बघायचे?"

"पेपर काय, कोणीही घोकून लिहितं. मला आत्मविश्वास हवाय."

"बरं," बाई म्हणाल्या.

असंच 'बरं' त्या एकोणतीस वर्षांपूर्वी म्हणाल्या होत्या, याच इमारतीतल्या वर्गात. तेव्हाही असाच अर्ज भरून घेतला होता. त्यांनी स्वतःला सहा दिले होते आणि शेजारच्या बाकावरच्या मुलाने नऊ. त्याला सगळी उदाहरणं त्यांनीच समजावून दिली होती. निवड मात्र त्याची झाली. पुढे तो प्राध्यापक झाला, आता प्रमुख. बाई त्याच विभागात टायपिंगला लागल्या. मनातल्या मनात त्या त्याला अजून 'नऊ' म्हणत. निवड या वर्षी पहिल्यांदाच त्याच्या हातात आली होती, आणि बाई कधीपासूनच्या वाट बघत होत्या.

खोलीत येऊन त्यांनी अर्ज आणि पेपर जुळवायला घेतले. स्वतःला नऊ देणाऱ्या एका मुलाला पेपरात चौदा. दुसऱ्या नऊवाल्याला अकरा. पाचवाल्या मुलीला सदतीस. पाच, सहा, सहा लिहिणाऱ्या मुलींचे गुण बहुतेक तिशीच्या पुढे. एका मुलाने स्वतःला चारच दिले होते, मिळाले होते तेहतीस. एका मुलीने बेधडक दहा लिहून बारा मिळवले होते. तिचं बाईंना कौतुकच वाटलं.

मग त्यांनी यादी टाइप केली. वर दहा नावं, 'नऊ'ने सांगितल्याप्रमाणेच निवडलेली. खाली उरलेला वर्ग. प्रत्येक नावापुढे दोन रकाने: स्वतः दिलेले गुण, परीक्षेत मिळालेले गुण. आणि माथ्यावर ठळक ओळ: 'निवड पहिल्या रकान्यावरून केली आहे.'

त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. तो वाचणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं. बाईंनी टाइप केलेलं त्याने आजवर कधीच वाचलं नव्हतं. फोनवर बोलता बोलता त्याने सही ठोकली.

तासाभरात सूचना फलकापुढे उभं राहायला जागा उरली नाही. "अकरावाला चाललाय कंपनीला अक्कल शिकवायला," कोणीतरी म्हणालं आणि अख्खा जिना हसला. चार वाजता अधिष्ठाता स्वतः खाली आले. त्यांनी यादी उभ्यानेच वाचली, रद्द केली, पेपरच्या गुणांवरून नवी लावायला सांगितली आणि निवडीचं काम प्रमुखांकडून काढून घेतलं.

प्रमुख बाईंच्या दारात आले. "तू हे मुद्दाम केलंस."

इतक्या वर्षांनी 'तू' आलं होतं.

"सही तुझी आहे," बाई म्हणाल्या. "एकदा तरी वाचायचं होतंस."

तो निघून गेला. बाईंनी खुर्चीला पाठ टेकली. जिवाला बरं वाटलं, लाज वाटावी इतकं बरं.

नवी यादी लागल्यावर पाचवाली मुलगी आली. बॅगेचा पट्टा दोन्ही हातांनी धरून दारातच उभी राहिली.

"बाई, माझं नाव पहिलं आलंय. काहीतरी घोटाळा झालाय. सदतीस माझे नसणार. दुसऱ्या कुणाचा तरी पेपर माझ्या नावावर लागला असेल. नाव काढून टाका ना. नंतर कळलं तर माझी शोभा होईल."

बाईंच्या तोंडची चवच गेली. एवढा सूड उगवला, आणि तो या पोरीपर्यंत पोचलाच नव्हता.

त्यांनी गठ्ठ्यातून पेपर काढून तिच्यासमोर ठेवला. "अक्षर कुणाचं?"

"माझंच."

"बस. पहिलं उत्तर वाच."

"मनात?"

"मोठ्याने."

मुलगी अडखळत वाचू लागली. पहिल्या पानाच्या शेवटी तिचा आवाज जरा सावरला. शिपाई खोल्यांना कुलपं लावत दारापर्यंत आला. बाईंनी त्याला हातानेच थांबवलं आणि तिला म्हणाल्या, "पुढचं."