बेचाळिसाव्या पानावरची मुलगी

टेक १. पान बेचाळीस.

"बाबा गेले. मला काहीच वाटलं नाही. नदीवर धुकं होतं, एवढंच आठवतं."

थांबवलं.

काचेपलीकडून रेकॉर्डिस्टने हात वर केला होता. माझ्या कानात त्याचा आवाज आला, "ताई, परत."

"अडखळले का?"

"नाही. परत."

टेक २.

"बाबा गेले. मला काहीच वाटलं नाही..."

थांबवलं.

अंधांच्या ग्रंथालयासाठी मी पुस्तकं वाचते. एक खुर्ची, एक माइक, भिंतींना फोम. पंखा लावता येत नाही, त्याचा आवाज येतो. एकोणीस वर्षांत दोनशेच्या वर पुस्तकं झाली. हे पुस्तक जुनं, नावाजलेलं. शाळेत सगळ्यांना नेमलेलं असतं, म्हणून कुणी वाचलेलं नसतं. ते सांगते सोळा वर्षांची एक मुलगी, नावाड्याची. बेचाळिसाव्या पानावर म्हणते, काही वाटलं नाही. त्रेचाळिसाव्या पानावर रोज सकाळी बापाचे बूट पुसते, तो गेला तरी. नदीचा तिरस्कार आहे म्हणते आणि दुसरीकडे कुठे तिला झोप लागत नाही.

माझी एक पद्धत आहे. वाचण्याआधी वहीत प्रत्येक माणसाचा सूर लिहून ठेवायचा. आजोबा : सावकाश, ओलसर. मुख्याध्यापिका : नाकातून. या मुलीसमोर मी लिहिलं होतं, खोटं बोलते. म्हणून तिची अशी वाक्यं मी किंचित हसऱ्या आवाजात वाचत होते. ऐकणाऱ्याला कळावं, वाचणारी बाई फसलेली नाही.

"ताई, राग मानू नका," रेकॉर्डिस्ट म्हणाला. "तुम्ही तिची चोरी पकडल्यासारखं वाचताय."

"मग पकडायला नको? पुढच्याच पानावर बूट पुसते."

"पण बेचाळीसवर असताना तिला त्रेचाळीस कुठे माहीत आहे?"

मी काहीतरी उत्तर दिलं. चांगलं नसावं, आता आठवत नाही.

टेक ३ ते ९. सगळे फुकट.

घरी. इथे रेकॉर्डिंग नाही.

माझ्याही घरी सोळा वर्षांची एक मुलगी आहे. बहिणीची. बहीण गेली, त्याला आठ महिने झाले. तेव्हापासून भाची माझ्याकडे. तिची खोली, माझी खोली, मधे स्वयंपाकघर. तिथे मी उद्याची पानं मोठ्याने वाचून बघते.

"मावशी, आवाज! माझा अभ्यास होत नाही."

मी थांबते. दोन मिनिटांनी आतून, "मग? बुटांचं पुढे काय झालं?"

"तुझा अभ्यास चाललाय ना?"

"चाललाय. सांग."

गेल्या सोमवारी तिने होस्टेलचा फॉर्म आणला. पालकाची सही, शुक्रवारपर्यंत. म्हणाली, "तुझ्या घरात फार शांतता आहे. मला इथे राहायचं नाही." तिचा सूर मी तिथल्या तिथे ठरवून टाकला. ठाम. मी म्हटलं, "बरं. तुझी इच्छा," आणि कप विसळायला गेले. समंजसपणा म्हणतात त्याला. भित्रेपणाही म्हणतात. कप दोनच होते, पण मला बराच वेळ लागला.

फॉर्म तिने फ्रिजला चुंबकाने लावला. मी सही केली नाही. केली नाही म्हणजे विसरले, असं मी तिला सांगितलं. मंगळवारी. बुधवारीही.

टेक १०. पान बेचाळीस. गुरुवार.

या वेळी वही उघडली नाही. डोळ्यांसमोर एवढं एकच वाक्य ठेवलं, पुढचं पान हाताने झाकलं. वाक्य जसं आलं तसं म्हटलं. काही वाटलं नाही म्हणजे नाही वाटलं. ती खरं बोलत होती.

मग हात काढला. बूट पुसले. तेही खरं होतं.

काचेपलीकडे हात वर झाला नाही. पान संपल्यावर कानात आवाज आला, "पाणी प्या, ताई."

घरी. गुरुवार संध्याकाळ.

ती टेबलाशी फॉर्म घेऊनच बसली होती. समोर पेन.

"उद्या शेवटचा दिवस आहे."

"माहीत आहे. मी सही करणार नाही."

तिने मान वर केली. "तुझी इच्छा म्हणालीस ना?"

"म्हणाले."

"मग?"

"ते सोमवारी."

"मावशी, एक काहीतरी बोल!"

"तू बोल एक काहीतरी. राहायचं नाही म्हणतेस आणि खिडकीला पडदे कसले हवेत ते मापासकट लिहून देतेस."

"तू पहिल्याच दिवशी नाही म्हणायला हवं होतंस."

"म्हटलं असतं तर राहिली असतीस?"

"नाही. भांडले असते. मग गेले असते."

"मग फरक काय पडला?"

"भांडण तरी झालं असतं ना!" ती उभीच राहिली. "या घरात कुणी भांडतसुद्धा नाही! तू आईचा स्वेटर धुतलास."

"काय?"

"राखाडी. माझ्या उशीखालचा. मला न विचारता धुतलास."

"मळला होता गं."

"मळलेलाच हवा होता मला!"

आठ महिने ही मुलगी माझ्याशी पडद्यांबद्दल आणि दुधाबद्दल बोलत होती. मी स्वेटर कोमट पाण्यात, हाताने, जपून धुतला होता. घडी घालून परत उशीखाली ठेवला होता. स्वतःवर खूशही झाले होते.

"माझीही बहीण होती ती," मी ओरडले. माइकसमोर मी कधी ओरडत नाही, त्यामुळे आवाज फाटला. "तिचं माझ्याकडे काय आहे? एक कपडा नाही. तू आहेस, आणि तू चाललीस!"

"मग अडव ना!"

"अडवतेच आहे!"

"मी जाणारच आहे!"

शेजारच्यांनी भिंतीवर ठोकलं. आम्ही दोघींनी एकदमच भिंतीकडे बघितलं. तिने नाकातून हवा सोडली. हसणं म्हणता येईल त्याला. मग ती रडायला लागली, आणि मी तिच्याजवळ गेले, आणि तिने मला ढकललं, आणि माझी बाही सोडली नाही.

बऱ्याच वेळाने मी सही केली. वेडीवाकडी झाली. तिने फॉर्मवर फुंकर घातली, शाई वाळली होती तरी.

"सोमवारी जायचंय," ती म्हणाली. "सोडायला येऊ नकोस."

"बरं. किती वाजता?"

"आठ."