मनकर्णा आजीचा बारा-ड

आमच्या गावात पंच्याऐंशीच्या वरचे मतदार चार. हे मला तोंडपाठ आहे, कारण मी बीएलओ आहे, म्हणजे गावची मतदारयादी माझ्याकडे. अंगणवाडीतल्या बावीस पोरांची नाकं पुसायची, त्यांना खिचडी घालायची, आणि उरलेल्या वेळात गावच्या नऊशे बारा मतदारांपैकी कोण वारलं, कोण लग्न होऊन गेलं, कोण पुण्याला कंपनीत लागलं याची खबर ठेवायची. दिसायला सोपं काम आहे. करून पाहा म्हणजे कळेल.

दोन हजार चोवीसच्या विधानसभेला, ऐन दिवाळीच्या तोंडावर, बीएलओंच्या ग्रुपवर मेसेज आला. पंच्याऐंशीच्या वरच्यांना घरून मत देता येईल. ज्यांची इच्छा असेल त्यांच्याकडून नमुना बारा-ड भरून घ्या. मग कर्मचाऱ्यांचं पथक त्यांच्या घरी जाईल. योजना चांगलीच होती, मी तिला नावं ठेवत नाही. पण आमच्या ग्रुपवर संध्याकाळी एक तक्ता पडतो. ज्याचं काम पूर्ण, त्याच्या नावापुढे हिरवा रंग. ज्याचं अपूर्ण, त्याच्यापुढे लाल, आणि खाली साहेबांचं 'कृपया लक्ष द्यावे'. तक्ता बनवणाऱ्याने 'ज्यांची इच्छा असेल' हे शब्द गाळूनच टाकले होते. चारपैकी तीन म्हणजे अपूर्ण. दोन संध्याकाळी मी लाल होते. इकडे चकल्या तळत होते आणि तिकडे साऱ्या तालुक्यासमोर लाल होते.

चौथी होती मनकर्णा जानराव तायडे, वय शहाऐंशी. तिचं घर अंगणवाडीच्या भिंतीला लागूनच. तिच्या तोंडाला सारं गाव वचकून असायचं. सरपंचाला तिने भर सभेत 'तुह्यापेक्षा माही शेळी जास्त काम करते' असं सुनावलं होतं. माझ्यावर मात्र जीव होता. निराधारचा हयातीचा दाखला असो की राशनचा कागद, तिच्या सह्या मीच घ्यायचे.

मी गेले तेव्हा ती दारात ज्वारी पाखडत होती.

"आजी, एक सई पाह्यजे."

"कायची व?"

"सरकारचं हाय. म्हाताऱ्या मानसायसाठी."

"म्हातारी कोनाले म्हंते तू?" असं म्हणत तिने हात पदराला पुसले आणि पेन घेतला. बावन्नाव्या वर्षी साक्षरतेच्या वर्गात शिकलेली सही. आधी एकेक अक्षर सुटं काढायची, मग सगळ्यांच्या डोक्यावरून एक लांब रेघ ओढायची. तिला सावकाश वाचताही यायचं. पण कागद तिने वाचला नाही. "तू आनलं म्हंजे बराबरच असन," म्हणाली.

संध्याकाळी मी हिरवी झाले. अर्जात खाली एक ओळ होती की घरून मत मागितलं तर केंद्रावर मत देता येणार नाही. ती मी वाचली नव्हती. वाचली असती तरी सही घेतलीच असती का, हे मला आज सांगता येत नाही.

इथे मला एक गोष्ट सांगावी लागेल. ती गावात प्रत्येकाने ऐकली होती, मी तर दहा वेळा. बासष्ट सालची निवडणूक. मनकर्णा आजी तेव्हा चोवीस वर्षांची, पहिलंच मत. शाळेसमोर बायांची रांग, आणि तिच्या मागे उभी राहिली गोदाबाई पाटलीण. गोदाबाई म्हणजे माझी आजेसासू. तेव्हा आमच्या विहिरीवर मनकर्णाला घागर टेकवायची सोय नव्हती. कोणीतरी ओरडलं, पाटलीणबाईला पुढे जाऊ दे. तर दारातला पोलीस म्हणाला, रांग म्हणजे रांग. आणि पाटलीणबाई तासभर उन्हात तिच्या मागे उभी राहिली.

"मत कोनाले देल्लं ते इसरली मी," आजी सांगायची. "पन ते रांग नाही इसरली. तवापासून एक बी मतदान सोडलं नाही. ग्रामपंचायत म्हन, झेडपी म्हन, आमदार म्हन. म्होरं जाय म्हनलं तरी जात नाही. रांगीतच उभी राह्यतो."

हे सगळं मला माहीत होतं, आणि तरी मी तो कागद तिच्यापुढे धरला.

दिवाळी झाल्यावर पथक आलं. चार कर्मचारी, एक पोलीस, एक व्हिडिओवाला. चौघांपैकी चंद्रभान पाटील दोन वर्षांपासून खाटेवर. त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी टोपी मागवून घेतली. पुठ्ठ्याच्या आडोशामागे मतपत्रिकेवर खूण केली, पाकीट बंद झालं, चहा झाला. आजी मात्र घरी नव्हती. अकोल्याला लेकीकडे गेली होती. पथक म्हणालं, परत एकदा येऊ, ती शेवटची खेप.

तीन दिवसांनी ते परत आले, तेव्हा आजी घरीच होती. पथकाचे प्रमुख देवीदास सर भले माणूस. चपला बाहेर काढून आत गेले, नमस्कार केला, आणि कशासाठी आलो ते सांगितलं.

"घरी मत?" आजी म्हणाली. "मी काय खाटीवर पडली हाओ? अन् मशीन कोठी हाय? लिफाफ्यात कोनी मत टाकते का, कागद धाडल्यासारखं! जा तुमी. वीस तारखेले मी शाळेत येतो."

देवीदास सर मला अंगणात घेऊन गेले. "मॅडम, यांच्या नावापुढे पीबी लागलेलं आहे. म्हणजे टपाली मत. आता घरी दिलं नाही, तर केंद्रावर देता येणार नाही. त्यांना नीट समजावून सांगा. आम्ही दहा मिनिटं थांबतो."

दहा मिनिटं. तेवढ्यात सांगून झालं असतं. मी दारात गेले तर आत आजी नात दीक्षाला म्हणत होती, "पाह्यलं का व, मले घरी बसवाले आले." आणि हसत होती. मी दारातूनच परत फिरले, सरांना म्हटलं, त्या नाही म्हणतात. त्यांनी कागदावर नकार लिहिला आणि गाडी गेली.

नंतर मी आमच्या पर्यवेक्षकांना फोन केला. काही करता येईल का? ते म्हणाले, काहीच नाही, सांगून टाका त्यांना. पाच दिवस हातात होते. त्या पाच दिवसांत मी तीनदा तिच्या दारात गेले. एकदा शेळीची चौकशी करून आले. एकदा दीक्षाच्या नर्सिंगच्या परीक्षेची. तिसऱ्यांदा गेले तर आजी काठी न घेता अंगणात येरझारा घालत होती. म्हणाली, शाळेपर्यंत सवय करून राह्यली. मी म्हटलं, बरं. उद्या सांगू. आणि मनात असंही यायचं, की केंद्राध्यक्षही माणूसच आहे, शहाऐंशीची बाई दारात आलेली पाहून तो कशाला अडवेल? माणूस स्वतःला काय काय पटवतो.

वीस तारखेला सकाळी गार होतं. कापूस वेचायला जाणाऱ्या बाया आधी मत देऊन जाऊ म्हणून सातलाच आल्या होत्या, त्यामुळे रांग फाटकाबाहेर गेली होती. फाटकाशी माझं टेबल. यादी, चिठ्ठ्या, आणि कोणाचं नाव कितव्या नंबरला ते सांगणं. साडेआठच्या सुमारास आजी काठी टेकत, दीक्षाचा हात धरून आली. पांढरं लुगडं, निळा काठ. केस तेल लावून चप्प बसवलेले. ती सरळ माझ्या टेबलापाशी आली.

"माही चिठ्ठी नाही देल्ली व तू."

माझ्याकडे तिची चिठ्ठी नव्हतीच. माझ्यासमोरच्या यादीत तिच्या नावापुढे दोन अक्षरं छापलेली होती. मागे दहाबारा जण उभे होते. मी कोऱ्या कागदाच्या तुकड्यावर तिचा अनुक्रमांक लिहिला आणि तिच्या हातात दिला. माझ्या हाताने लिहिला.

पोलीस धावत आला, म्हणाला, आजी, तुम्ही म्होरं चला, तुमाले लाईन नाही. आजी म्हणाली, "नाही जात. लोकं उभे हायत ना?" खुर्ची आणली, त्यावर ती बसली नाही. रांग इंच इंच सरकत होती. बाया तिला हसून म्हणत होत्या, आजी, आता तरी बस. ती काठीवर दोन्ही हात ठेवून उभी होती आणि सगळ्यांना बासष्टची गोष्ट सांगत होती. मला टेबलावरून शब्द ऐकू येत नव्हते, पण हात कुठे वर जातो त्यावरून गोष्ट कुठवर आली ते कळत होतं. मी यादीत डोकं घातलं. दीड तास गेला.

मग शिपाई मला बोलवायला आला.

खोलीत सगळे थांबलेले होते. आजी टेबलासमोर उभी होती, डाव्या हाताचं बोट शाईसाठी पुढे केलेलं. शाईवाली बाई केंद्राध्यक्षांकडे पाहत होती.

"आजी, तुम्ही घरून मत देईन म्हणून अर्ज दिला होता," केंद्राध्यक्ष म्हणाले. बिचारा तरुण होता, कुठल्याशा शाळेतला मास्तर असावा.

"मंग? घरून देल्लं का मी?"

"नाही दिलं."

"नाही देल्लं तं राह्यलंच ना? राह्यलं तं देऊ द्या."

"तसं करता येत नाही, आजी. नियम आहे."

दोन्ही पक्षांचे पोलिंग एजंट, जे सकाळपासून एकमेकांकडे पाहतही नव्हते, एका सुरात म्हणाले, देऊ द्या साहेब, आमची हरकत नाही. केंद्राध्यक्षांनी वरती फोन लावला. बोलून झाल्यावर नाही म्हणून मान हलवली.

"मी कायले अर्ज देऊ?" आजी म्हणाली. "मले काय सरकारनं लंगडी समजलं?"

"आजी," मी म्हटलं. "दिवाळीच्या अदुगर सई घेतली होती ना मी."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी वाट पाहत होते की आता ही तोंड सोडेल, माझ्या सात पिढ्या काढेल. पण ती केंद्राध्यक्षांकडे वळली. "हो, सई माहीच असन. पोरीकडून चुकलं असन, साहेब. कामं किती हायत तिले. तिले काई करू नका." बोट अजून पुढेच होतं. दीक्षाने ते आपल्या हातात घेतलं आणि तिला हळूच वळवलं. बाहेर रांगेतल्या बाया नखावरची शाई पाहायला वाकल्या, तर नख कोरंच होतं.

दुसऱ्या दिवशी मी तिच्याकडे गेले. चूक झाली, माफ कर, एवढं म्हणून सुटता आलं असतं. तिने ते आधीच पोटात घातलं होतं. पण ती मला म्हणाली, "बस व, चहा मांडतो," आणि मला तो चहा घेणं शक्य नव्हतं.

"आजी, चूक नोयती ते. म्हंजे सईची चूक होती. पन नंतर मले मालूम झालं होतं. त्या साहेबानं सांगतलं होतं, तुले शाळेत मत देता येनार नाही म्हनून. पाच दिवस अदुगर."

पातेलं हातात घेऊन ती उभी राहिली.

"पाच दिवस?"

"हो."

"मंग काल टेबलापाशी मी चिठ्ठी मांगली तवा बी तुले मालूम होतं?"

"हो."

तिने पातेलं खाली ठेवलं आणि भिंतीला धरून खाली बसली. आवाज चढलाच नाही. "तिथंच म्हनली असती तं मी वापस गेली असती, पोरी. घरी येऊन तुले शिव्या देल्ल्या असत्या, अन् संपलं असतं. पोलिसाले मी म्होरं नाही जात म्हनलं. खुर्चीवर नाही बसली. सारं गाव पाहून राह्यलं होतं. मले कावून उभी राहू देल्ली व रांगीत?"



"भेव वाटलं, आजी."

"कोनाचं? माहं?"

मी हो म्हणून मान हलवली.

"मी काय केलं असतं तुले?" ती म्हणाली. खरंच विचारत होती ती. माझ्याकडे पाहत होती, उत्तर येईल म्हणून.

मला ते देता आलं नाही. पलीकडे अंगणवाडीत पोरं दंगा करत होती. ती म्हणाली, जाय, लेकरं वाट पाहून राह्यले, आणि मी उठले. नीट विचार करून परत येईन आणि सांगेन, असं मी मनाशी ठरवलं होतं. आज नाही तर उद्या, संक्रांतीनंतर, दीक्षाची परीक्षा झाल्यावर.

मार्चमध्ये आजी गेली.