दोन निम्म्यांचं फुकट

ब्लँकेटच्या दुकानात सेल लागला आणि अख्ख्या पेठेची अक्कल एकदमच गहाण पडली. दारावर हातभर लांब पाटी होती: 'प्रत्येक ब्लँकेट निम्म्या किमतीत.' आंधळ्यालाही दिसावी अशी. पण नुसते डोळे असून काय उपयोग, त्यांच्या मागे डोकं नको?

विक्रीवालीने सकाळपासून जिभेला कुलूप घातलं होतं. आदल्या दिवशी तिने एका गिऱ्हाइकाला "शाळेत पाटी काय फोडायला नेत होतात का?" असं विचारलं होतं. मालकाने तिथल्या तिथे बजावलं, "पुन्हा आवाज चढला तर उद्यापासून येऊ नकोस." नवरा पाय मोडून खाटेवर पडलेला, घर चालायचं ते हिच्याच पगारावर.

पहिले आले ते एक काका. "निम्मी किंमत म्हणजे निम्मंच देणार ना? मग माझे पाय उघडे पडतील!"

तिने काकांना डोक्यापासून पायापर्यंत गुंडाळून दाखवलं. तोंड जरा जास्तच वेळ झाकून ठेवलं, एवढंच.

मग दारातून खणखणीत आवाज आला. "कुठाय तो सेल? सगळ्या गावाला ठाऊक, आणि आमच्या घरात कुणी तोंड उघडेल तर शपथ!"

विक्रीवालीने वळून पाहिलं. सासूबाई!

सासूबाईंनी दुकानातली सगळी ब्लँकेटं उलथीपालथी केली आणि त्यातली दोन काखेत मारून दाराकडे चालू लागल्या.

"आई, पैसे?"

"कसले पैसे? एकावर निम्मी सूट, दुसऱ्यावर निम्मी सूट. निम्मं आणि निम्मं मिळून पुरं झालं. फुकट!"

"खरंच की!" मागून काका म्हणाले. रांगेतल्या चौघांनी लगेच दोन-दोन ब्लँकेटं उचलली.

झालं! आता गिऱ्हाइकावर ओरडावं तर नोकरी जाते, सासूवर ओरडावं तर घर जातं. विक्रीवालीने लोण्यासारखा आवाज काढला.

"आई, तुमच्या दोन्ही लेकांची निम्मी-निम्मी दाढी केली, तर दोघे गुळगुळीत होतील का?"

सासूबाई थबकल्या. लेक डोळ्यांसमोर आणले. एक डावीकडून झुडूप, एक उजवीकडून.

"ध्यान दिसतील मेले!" त्या गरजल्या. सगळं दुकान खो-खो हसलं. हसता हसता चौघांनी ब्लँकेटं गुपचूप जागेवर ठेवली.

गोंगाट ऐकून मालक आतून धावत आला. "पुन्हा आवाज? चल, उचल तुझी पिशवी!"

"ए बाबा," सासूबाईंनी त्याला फैलावर घेतलं, "आवाज माझा होता. माझ्या सुनेचा आवाज माझ्यापुढे चढतो होय? तशी छाती आहे का तिची? तिला बोलायचं तर मी बोलीन, तू कोण रे?"

मालक चार पावलं मागे सरकला आणि थेट ब्लँकेटच्या ढिगावर बसला. "बरं... उद्या ये गं," तो विक्रीवालीला म्हणाला, "पण सेल संपेपर्यंत यांना घरी ठेव."

सासूबाईंनी कनवटीचे पैसे काढून ताठ मानेने मोजले. हात गल्ल्यावरच ठेवून सुनेकडे वाकल्या.

"हे झालं गिऱ्हाइकाचं. आता सासू म्हणून किती कमी करतेस?"

विक्रीवालीने शेजारचं ब्लँकेट उचललं आणि स्वतःच्या तोंडावर ओढून घेतलं.